आधी स्पिरिटचा एक थेंब

जुनं टेबल हाती लागलं की आधी ते उलटं करावं. दोघांनी धरून, खाली गोधडी अंथरून. वरच्या बाजूला दिसते ती गेल्या वीस-तीस वर्षांची वहिवाट: चहाच्या कपांची वर्तुळं, पणतीचं सांडलेलं तेल, कुणीतरी ब्लेडने पुठ्ठा कापताना उमटलेल्या रेघा. खालची बाजू कुणी पुसत नाही की रंगवत नाही, म्हणून तिथे टेबल मूळचं जसं होतं तसं सापडतं. रंध्याचे उथळ पट्टे हाताला लागतात, सुताराने जोडणीसाठी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा असतात आणि मुख्य म्हणजे कोरं लाकूड दिसतं. सागवान असेल तर मधासारखा रंग, बोटाला किंचित तेलकटपणा आणि जरा खरवडलं तर चामड्यासारखा वास. शिसवी असेल तर जांभळट-काळपट, गडद रेघांचं आणि उचलतानाच कमरेला कळेल इतकं जड.

माझं पहिलं टेबल मी उलटं केलं नव्हतं. पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी आणलं, दुपारी तीन वाजता भाड्याचं सँडर मशीन लावलं आणि साडेपाचला टेबल अगदी नवं दिसायला लागलं. तेव्हाच पोटात गोळा आला. कडा गुळगुळीत गोल झाल्या होत्या, पायांवरच्या कातकामाच्या कंगोऱ्यांना धार उरली नव्हती आणि उजेडाने, हातांनी, धुराने पन्नास-साठ वर्षांत चढलेला तो खोल तपकिरी रंग भुसा होऊन गच्चीभर पसरला होता. लाकडाचा हा रंग फक्त वरच्या कातडीत असतो. एकदा घासून काढला की कुठलाही डबा तो परत देत नाही.

त्यामुळे जुन्या टेबलाचं पॉलिश ‘काढून नवीन करणं’ हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. निदान आपल्याकडच्या जुन्या फर्निचरच्या बाबतीत तरी, कारण त्यावर बहुतेक वेळा चपडा असतो. आणि चपड्याचा एक असा गुण आहे, जो नंतरच्या मेलामाइन-पीयूला नाही. तो कितीही जुना असला तरी स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतो. म्हणजे तडकलेलं, ढगाळलेलं, ओरखडे पडलेलं पॉलिश जागच्या जागी पुन्हा ओलं करून नीट बसवता येतं.

चपडा म्हणजे लाखच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा स्वतःभोवती राळेचं कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून, ताणून पातळ पापुद्रे करतात. देशातली बरीचशी लाख झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलांतून येते. हा धंदा एके काळी इतका मोठा होता की रांचीजवळ नामकुम इथे 1924 मध्ये केवळ लाखेवर संशोधन करणारी संस्था उभी राहिली. बालगंधर्वांची पदं ज्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर घराघरांत पोचली, त्या तबकड्याही लाखेच्याच. तुमच्या आजोबांच्या ग्रामोफोनवरची तबकडी आणि त्याखालचं टेबल एकाच किड्याने चमकवलेलं असण्याची शक्यता चांगलीच आहे.

थेंब टाकून बघा

माझ्या दुसऱ्या टेबलाच्या वेळी, म्हणजे वाईच्या घरून आलेल्या आजोबांच्या लिहायच्या टेबलाच्या वेळी, मी शहाणपणा करून आमच्या गल्लीतल्या पॉलिशवाल्या मामांना बोलावलं. ते चहा प्यायले, टेबलाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून टॉपखालच्या पट्टीच्या आतल्या अंगाला कापसाने स्पिरिटचा एक थेंब टेकवला आणि थांबले. मिनिटभराने त्यावर बोट ठेवून उचललं. बोट जरासं चिकटलं, ‘च्’ असा बारीक आवाज आला. मामा म्हणाले, “चपडा आहे. जिवंत आहे अजून. घासू नका.”

परीक्षा एवढीच. मात्र वर मेणाचा किंवा तेलाचा थर असेल तर थेंब फसवतो, म्हणून तेवढी जागा आधी टर्पेंटाइनने पुसून घ्या. फार जुना चपडा कडक झालेला असतो, त्याला दोन-तीन मिनिटं द्या. स्पिरिटने काहीच झालं नाही, तर दुसऱ्या जागी एनसी थिनरचा थेंब. त्याने मऊ पडलं तर लॅकर आहे. दोन्हींना दाद दिली नाही तर तेलाचं व्हार्निश, मेलामाइन किंवा पीयू. म्हणजे नंतर कुणीतरी ते ‘नवीन’ करून घेतलेलं आहे. क्रम चुकवू नका, कारण थिनरने चपडाही हलतो आणि मग काय होतं ते कळेनासं होतं.

लॅकर किंवा पीयू निघालं आणि ते सोलत नसेल, तर माझा सल्ला: नुसतं स्वच्छ करून मेण लावा आणि सुखाने वापरा. यापुढचं सगळं चपड्यासाठी आहे.

कधी करायचं

दिवाळीनंतर ते होळीच्या आत. हा मुहूर्त पंचांगातला नाही, हवेतला आहे. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड करतं आणि हवेत दमटपणा असेल तर तिथे बाष्प धरतं. शिवाय स्पिरिट स्वतःच पाणी ओढून घेतं. परिणाम म्हणजे पॉलिशवर दुधासारखी साय येते. श्रावणात पॉलिश करायला बसलेल्या माणसाला ही साय भेटल्याशिवाय राहत नाही. आली तरी घाबरू नका. कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा वरून झरझर फिरवला की बहुधा जाते. मुंबईत आणि कोकणात डिसेंबर-जानेवारीतली दुपार गाठावी. देशावर एवढी अडचण नसते, तिथे त्रास उलटा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात फळ्या आकसतात, जोड उघडतात. त्या वेळी फटी लांबीने भरल्या तर पावसाळ्यात लाकूड फुगून तीच लांबी बाहेर ढकलतं.

जागा हवेशीर हवी, पण पंखा बंद. पंख्याने धूळही उडते आणि स्पिरिटही फार लवकर उडतं. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो: स्पिरिट पेट घेतं. स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत काम करत असाल तर गॅस बंद, देवघरातली समई आणि उदबत्ती विझलेली. हातमोजे घाला. मिथाइल अल्कोहोल मिसळलेलं स्पिरिट विषारी असतं. ते पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका.

आधी मळ, मग दुखणी

निम्मी टेबलं नुसती पुसून परत येतात. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून, पिळून, लाकडाच्या रेघांच्या दिशेने फिरवा. पहिला बोळा चहाच्या चोथ्यासारखा होतो. त्यात कंदिलाची काजळी असते, डोक्याचं तेल असतं, वर्षानुवर्षं लावलेलं मेण असतं. बोळे बदलत राहा. टर्पेंटाइनने चपडा विरघळत नाही, त्यामुळे इथे धसमुसळेपणा थोडा चालतो. राहिलेला चिकटपणा पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या फडक्याने काढा आणि लगेच कोरडं करा. पाणी साचू देऊ नका. कोरीवकामाच्या खोबणीत कापूस गुंडाळलेली काडी. गंमत म्हणजे संग्रहालयातले संवर्धकसुद्धा अशा बारीक जागी काडीवर थोडी थुंकी वापरतात. तिच्यातले पाचक रस मळ सोडवतात. घरी कुणी बघत नसताना करून पाहायला हरकत नाही.

एवढं झाल्यावर टेबल एक दिवस तसंच ठेवा आणि सकाळच्या तिरप्या उजेडात बघा. बऱ्याचदा इथेच कळतं की फक्त मेण लावलं तरी पुरे.

नाही पुरलं, तर दुखणी एकेक करून घ्यायची. पांढरं वर्तुळ आणि काळं वर्तुळ ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक दोन्हींवर एकच औषध करतात. पांढरं वर्तुळ पॉलिशमध्ये असतं. गरम कपाने किंवा ओल्या पेल्याने चपड्याच्या थरात बाष्प शिरलेलं असतं. त्याखालचं लाकूड ठीक असतं. स्पिरिटने किंचित दमट केलेला बोळा, इतका दमट की गालाला लावला तर गार लागेल पण ओलं लागणार नाही, वर्तुळावरून भरभर फिरवा. थांबू नका. थांबलात तर कापडाची वीण पॉलिशवर छापली जाईल.

काळं वर्तुळ लाकडात उतरलेलं असतं. ओला लोखंडी डबा, गंजका खिळा, कुंडीखालची लोखंडी ताटली. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की शाईच तयार होते. जुनी काळी-निळी शाईसुद्धा याच तत्त्वावर बनायची. हा डाग पॉलिशवरून जाणार नाही. तेवढ्या भागातलं पॉलिश स्पिरिटने काढून, एक लिटर कोमट पाण्यात साठ-सत्तर ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ते काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यातून ब्रशने लावायचं. लोखंडी भांडं वापरलंत तर डाग घालवायच्या औषधानेच डाग पडेल. फक्त डागावर न लावता जोडाजोडापर्यंत पूर्ण फळीवर लावा, नाहीतर काळ्या वर्तुळाच्या जागी फिकट वर्तुळ येईल. काही तासांनी दोन-तीनदा साध्या पाण्याने पुसा, दोन दिवस वाळू द्या. हे ॲसिड विषारी आहे. वाळल्यावर त्याचे स्फटिक राहिले असतील तर त्यावर कोरडा पॉलिश पेपर फिरवू नका, ती धूळ नाकात जाते.

माझ्या टेबलावर उजव्या हाताला शाईचा डाग होता, रुपयाएवढा. तो मी ठेवला. ऑक्झॅलिक आणलेलं होतं, भांडं काढलेलं होतं, आणि तरी ठेवला.

टेबल डुगडुगत असेल तर पॉलिशच्या आधी सांधे. जुने सांधे सरसाने चिकटवलेले असतात. फेव्हिकॉल बाजारात आलं 1959 मध्ये, त्याआधीच्या टेबलात मूळ चिकट असेल तर ती सरसच. सरसाचा मोठा फायदा म्हणजे गरम पाण्याने आणि वाफेने तो सुटतो. कुसू खोबणीतून बाहेर काढा, जुना सरस गरम फडक्याने पुसा, नवा सरस लावून दोरीने आवळून एक दिवस ठेवा. फेव्हिकॉल लावलंत तर पुढच्या वेळी तो सांधा उघडणाऱ्याला कुसूच मोडावा लागेल. खिळा तर मारूच नका. हातोडीच्या दोन ठोक्यांत काम होतं खरं, पण त्या खिळ्याभोवती पुढे काळा डाग आणि चीर ठरलेली.

आणि पायांखाली, खणांच्या तळाशी पिठासारखा ताजा भुसा पडलेला दिसला तर बाकी सगळं थांबवा. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण सुताराने खणांच्या तळाला आणि मागच्या फळीला हलकं किंवा कडेचं पांढरं लाकूड वापरलेलं असतं, तिथे भुंगा शिरतो. छिद्रांमध्ये सिरिंजने लाकडाचं कीडनाशक सोडून, टेबल प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस बाजूला ठेवा. महिन्याभराने खाली काळा कागद अंथरून बघा. नवा भुसा पडला नाही तरच पुढे चला.

चपडा आणि बोळा

पॉलिशचं सामान फारसं नाही. चपड्याचे पापुद्रे शंभर ग्रॅम, स्पिरिट साडेसहाशे ते सातशे मिलिलिटर. काचेच्या बरणीत, प्लास्टिकच्या झाकणाची. पत्र्याचं झाकण लावलं तर चपडा काळवंडतो. येता-जाता बरणी हलवायची, दुसऱ्या दिवशी मलमलमधून गाळायचं. सागवानासाठी मी फिकट चपडा घेतो, शिसवीसाठी तांबूस गडद. बरणीवर तारीख लिहा. विरघळवलेला चपडा सहा महिने-वर्षभरात म्हातारा होतो आणि मग वाळतच नाही, बोटाला चिकटत राहतो. शंका आली तर काचेवर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नखाने टरटरीत निघाला तर ठीक, नाहीतर टाकून द्या. दुकानातल्या तयार बाटलीची तारीख कळत नाही, म्हणून मी ती घेत नाही.

तडे गेलेलं जुनं पॉलिश असेल, उन्हात वाळलेल्या तळ्याच्या तळासारखं, तर आधी ते एकजीव करायचं. तयार पॉलिशमध्ये तितकंच स्पिरिट घालून पातळ करा आणि मऊ ब्रशने एका वेळी हातभर जागेवर लावा. मागे-पुढे घासू नका, एक ब्रश ओढायचा आणि सोडायचं. नवा चपडा जुन्याला आतून सोडवतो आणि तडे आपोआप भरत येतात. हे डोळ्यांसमोर घडताना बघणं हा या कामातला सगळ्यात सुखाचा भाग आहे. टेबलाचा टॉप आडवा आणि सपाट असायला हवा, नाहीतर ओघळ येतील. एक दिवस वाळू द्या. उंचवटे राहिले असतील तर 400 नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून, अगदी हलक्या हाताने.

मग बोळा. लिंबाएवढा कापूस, त्यावर जुन्या धोतराचा किंवा खूप धुतलेल्या सुती साडीचा चौकोनी तुकडा, सुरकुती न येऊ देता आवळून वर पीळ द्यायचा. नवं कापड नको, त्यात खळ असते आणि लव सुटते. पॉलिश कापसाला आतून पाजायचं, वरून बुडवायचं नाही. मामा बोळा भरल्यावर तो मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचे. ओला ठसा उठला तर कागदावर दाबून जास्तीचं काढायचे.

हात कसा फिरवायचा हे लिहून सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. बोळा टेबलावर ठेवायचा नाही. विमान उतरतं तसा तो एका कडेने सरकत यावा आणि दुसऱ्या कडेने सरकत निघून जावा. फळीवर असताना तो क्षणभरही थांबला की खालचा चपडा विरघळून तिथे खड्डा पडतो. सुरुवातीला लाकडाच्या रेघांबरोबर सरळ पट्टे. थर थोडा जमला की इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवलेले हात. शेवटी पुन्हा सरळ. दाब सुरुवातीला अगदी कमी, बोळा कोरडा होत जाईल तसा वाढवायचा. बोळा अडखळायला लागला तर लिक्विड पॅराफिनचा एक थेंब बोटाने त्याच्या तळाला लावायचा. औषधाच्या दुकानात मिळतं. एक थेंब म्हणजे एकच थेंब. तेल जास्त झालं तर टेबल सुंदर दिसतं आणि महिन्याभराने मळकट होतं.

पाच-सहा पातळ हात झाले की दिवसाचं काम संपलं. हे पाळणं सगळ्यात कठीण. टेबल चमकायला लागलेलं असतं, “अजून एकच हात” असं वाटत असतं आणि नेमका तोच हात सगळं ओढून काढतो. बोळा हवाबंद डब्यात ठेवून उठा. असे तीन-चार दिवस. शेवटच्या दिवशी स्वच्छ बोळ्याला नावापुरतं स्पिरिट लावून सरळ, लांब, हलके हात मारायचे. वर आलेलं पॅराफिन त्याने निघून जातं आणि खरी झळाळी तेव्हा दिसते.

साग आणि शिसवी दोन्हींच्या अंगावर उघडी छिद्रं असतात. आपल्याकडचे पॉलिशवाले ती व्हायटिंग आणि रंगाची लांबी घालून भरतात आणि काचेसारखा सपाट टॉप काढतात. माझ्या मते जुन्या टेबलाला ते नको. काही वर्षांनी व्हायटिंगचे पांढरे ठिपके वर डोकावतात. सुटे खड्डे, जुन्या खिळ्यांची भोकं मात्र भरावीत: मधमाशीचं मेण थोडं वितळवून त्यात पिवडी आणि गेरू, हवं तर चिमूटभर काजळी. वाळलेल्या लाकडाचा रंग गेरूने चटकन जुळतो.

हे करू नका, किंवा स्वतः करू नका

खेडेगावांतून आलेल्या टेबलांवर ऑइलपेंटचे चार-चार थर असतात. दर लग्नाला एक. ते कोरड्या पेपरने घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल ते टेबल बघून कळत नाही आणि घरात लहान मूल असेल तर ती धूळ रांगणाऱ्याच्या तोंडात जाते. पेंट रिमूव्हर लावून, ओलं असतानाच बोथट खरवडणीने काढा, दारं-खिडक्या उघड्या ठेवून.

कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टेबल बुडवून रंग काढून देणारे भेटतात. नको. सोड्याने सागवान काळं पडतं, सरस सुटतो आणि लाकडात राहिलेला सोडा नव्या पॉलिशला महिनोन् महिने बाधत राहतो.

जवसाचं तेल वापरलंत तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेशी संयोग होताना तापतं आणि फडक्यांचा ढीग आपला आपण पेट घेऊ शकतो. दोरीवर एकेक पसरून वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

टॉपवरचा लाकडी पापुद्रा सुटलेला असेल, किंवा गोव्याकडच्या जुन्या फर्निचरसारखं जडावकाम असेल, तर हे घरचं काम नाही. जाणत्या माणसाकडे द्या आणि त्याला आधी एकच प्रश्न विचारा: “सँडर लावणार का?” उत्तर चटकन ‘हो’ आलं तर टेबल परत घरी आणा.

परदेशी असलेल्या मुलीकडे आजीचं टेबल पाठवायचा विचार असेल तर पॉलिशच्या आधी कायदा बघा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. टेबल तितकं जुनं नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागू शकतो. शिसवी असेल तर त्यात आणखी एक गाठ: शिसवाची सगळी जात 2017 पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे त्याचे कागद वेगळे.

वापरायला घेताना

पॉलिश दोन दिवसांत वाळल्यासारखं वाटतं, पण आतून कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर वर काही ठेवू नका. नंतर मेण: मधमाशीचं मेण एक भाग, टर्पेंटाइन दोन-अडीच भाग. मेण गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवा, गॅस पूर्ण बंद करून भांडं लांब न्या आणि मगच टर्पेंटाइन घाला. थंड झाल्यावर लोण्यासारखं होतं. बोटभर घ्या, फडक्याने पसरवा, अर्ध्या तासाने चोळा. वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

चपडा साधारण 75 अंशांना मऊ पडतो. गॅसवरून उतरवलेलं पातेलं त्याहून कितीतरी गरम असतं. रोज सहा माणसं ज्यावर जेवतात त्या टेबलासाठी चपडा हे लाडकं पण नाजूक पॉलिश आहे. तिथे जाड कापड अंथरावं किंवा मनाची तयारी ठेवावी. दुसरा सवयीचा उपाय म्हणजे वर काच आणि काचेखाली मुंजी-लग्नाचे फोटो. काच सरळ पॉलिशवर ठेवली तर खाली दमट हवा कोंडते, फोटो चिकटतात आणि उचलताना पॉलिशसकट येतात. ठेवायचीच असेल तर कोपऱ्यांखाली नमद्याचे किंवा रबराचे छोटे तुकडे ठेवून फट सोडा, आणि नवं पॉलिश असेल तर पहिले दोन-तीन महिने काच नकोच.

टेबल सुलटं करून जागेवर नेण्याआधी खालच्या बाजूलाही पातळ पॉलिशचे एक-दोन हात द्या. फक्त वरून बंद केलेली फळी पावसाळ्यात खालून पाणी ओढते आणि वाकते. सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा त्याखाली तशाच राहतात, त्या पुसू नका. हे हात द्यायच्या आधी, त्या खुणांच्या शेजारी, काय काय लावलंत आणि कधी, तेही लिहून ठेवा, म्हणजे पुढच्याला थेंब टाकून बघावं लागणार नाही. मात्र पेन्सिलीनेच. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये पसरते.